या, घाबरायला या!

ऑक्टोबर अर्धा उलटला की न्यू जर्सीतल्या कुठल्याही साध्यासुध्या गल्लीत संध्याकाळी एक फेरी मारावी. सकाळी जिथे लोक कुत्री फिरवत एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा मारतात, तिथे हिरवळीवर थर्माकोलची थडगी उभी असतात, मेपलच्या फांदीला फाटकं पांढरं कापड लोंबत असतं आणि वरच्या मजल्याच्या खिडकीत चेटकिणीची सावली दिसते. घर जितकं टापटिपीचं, तितकी त्याला अवकळा आणायची हौस दांडगी. या सगळ्या पसाऱ्यात दाराबाहेरच्या दिव्याकडे मात्र नीट बघावं. ३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या रात्री, पोरंसोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागत फिरतात तेव्हा त्या दिव्याचाच कायदा चालतो. दिवा लागलेला असेल तर बेल वाजवायची, नसेल तर मुकाट्याने पुढचं घर गाठायचं. हे कुणी पाटीवर लिहून लावत नाही, पण पाच वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असतं.

थोडक्यात, सापळे, कवट्या, कोळिष्टकं हा सगळा थाट म्हणजे आवतण आहे. एवढं ध्यानात ठेवलं तर घर कसं सजवावं, पैसे कशावर घालवावेत आणि कशावर मुळीच घालवू नयेत, याची निम्मी उत्तरं बसल्याजागी मिळतात.

मुळात कारभार उलटा होता. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीला साउइन नावाचा सण असे. पिकं घरात आलेली, गुरं डोंगरावरून खाली उतरवलेली आणि पुढे लांबलचक अंधारा हिवाळा. अशा सांध्यावर या जगाची आणि त्या जगाची वेस उघडी पडते, असा समज होता. पुढे चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला, तरी आदल्या रात्रीचा धाक लोकांच्या मनातून गेला नाही. नको त्यांनी घराकडे फिरकू नये म्हणून कोरलेले सलगम दारात ठेवत, आत मेणबत्तीचा तुकडा किंवा निखारा. सलगम हा मुळ्याच्या कुळातला कंद, लहान आणि चांगलाच टणक. तो कोरायचा म्हणजे मनगटं भरून येतात. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा ग्रामीण जीवनाचा विभाग मेयो परगण्यात टर्लो पार्क इथे आहे. डोनेगलमधल्या फिनटाउन गावच्या अशा एका कंदिलाची प्लास्टरमधली प्रतिकृती तिथे ठेवली आहे. मूळ सलगम विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. खोल गेलेले डोळे, वेडेवाकडे दात, आक्रसलेला चेहरा. आजचे गोलमटोल हसरे भोपळे त्याच्यापुढे अगदीच गरीब वाटतात.

या कंदिलामागची आयरिश गोष्ट जॅक नावाच्या एका लबाड दारुड्याची. त्याने सैतानाला फसवून 'तुला नरकात नेणार नाही' असं कबूल करून घेतलं. मेल्यावर स्वर्गात त्याला कोण घेणार? आणि नरकाचं दार तर त्याने स्वतःच बंद करून ठेवलेलं. मग सैतानाने फेकलेला एक निखारा सलगमात घालून तो अजून अंधारात वाट शोधत फिरतो आहे. अमेरिकेत आजही कोरलेल्या भोपळ्याला जॅकच्या कंदिलाचंच नाव आहे.

१८४५पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश माणसं लाखोंनी अमेरिकेत गेली आणि तिथे त्यांना भोपळा सापडला. भोपळा मूळचा अमेरिकेचाच. मोठा, आतून पोकळ, भिंती मऊ. कोरायला सलगमापेक्षा कितीतरी सोपा. मात्र भोपळ्यावर चेहरा कोरायची गंमत अमेरिकी शेतांवर आधीपासूनच होती आणि तेव्हा तिचं नातं भुतांपेक्षा सुगीशी अधिक होतं. वॉशिंग्टन अर्व्हिंगची बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराची प्रसिद्ध कथा १८२० सालची. तिच्यात शेवटी एक फुटका भोपळा सापडतो खरा, पण कथेत हॅलोवीनचा पत्ता नाही. ती सांगड नंतरच्यांनी घातली.

घरातली सजावट हा प्रकार आणखी उशिराचा आणि त्याचं श्रेय बऱ्याच अंशी कागदाच्या कारखानदारांना जातं. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमची डेनिसन कंपनी क्रेप पेपर विकत असे. हा कागद खपवायचा तर लोकांना त्याचं काय करायचं ते शिकवायला हवं, म्हणून १९०९मध्ये तिने 'बोगी बुक' नावाची पुस्तिका काढली. काळ्या मांजरांची झालर कशी लावावी, टेबलावर वटवाघळं कशी मांडावीत, यजमानीणबाईंनी कागदाचा झगा कसा शिवावा, असा सगळा मालमसाला तिच्यात असे. पुढे दोनेक दशकं या पुस्तिका येत राहिल्या आणि नारिंगी-काळी जोडी घराघरांत पक्की बसली. पेनसिल्व्हेनियातल्या बाइसल कंपनीने जाळीदार कागदाचे उघडमिट होणारे भोपळे आणि सांध्यांना रिव्हेटा मारलेले पुठ्ठ्याचे सापळे बाजारात आणले. आज या जुन्या कागदी वस्तू संग्राहक भरपूर पैसे मोजून विकत घेतात. टिकायला बनवल्याच नव्हत्या, म्हणून उरल्या थोड्या.

पण तेव्हाची ही सजावट दिवाणखान्यात असे, कारण बाहेर वेगळाच धुडगूस चाले. फाटकं उचलून नेणं, खिडक्यांना साबण फासणं, गाड्यांच्या चाकांतली हवा सोडणं हे त्या रात्री पोरांचे हक्काचे उद्योग होते. मिनेसोटातल्या अनोका गावाने १९२०मध्ये वैतागून मुलांसाठी मिरवणूकच काढली, म्हणजे मुलं एका जागी राहतील आणि गुरं रस्त्यावर मोकळी सोडणार नाहीत. १९३०च्या दशकात मंदी होती, नासधूस परवडणारी नव्हती. दारात आलेल्या पोराच्या हातावर खाऊ ठेवून त्याला वाटेला लावण्याची रीत तेव्हापासून पसरत गेली. महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं, म्हणून ती थोडी थांबली आणि युद्धानंतरच्या नव्या उपनगरांत मात्र जोरात रुजली. मुलं दाराशी येऊ लागली तशी सजावटही दिवाणखान्यातून उठून दारात आली.

आता प्रत्यक्ष सजावटीकडे. जाणती माणसं ती दोन हप्त्यांत करतात. सप्टेंबरच्या शेवटी शरद ऋतूचं सामान येतं: मक्याचा कडबा पेंढी बांधून दाराच्या दोन्ही खांबांना उभा करायचा, गवताचा एखादा गठ्ठा, बुजगावणं, चित्रविचित्र गाठींचे भोपळे आणि पायऱ्यांवर शेवंतीच्या कुंड्या. आपल्याकडे दसरा-दिवाळीला बाजार भरून टाकणारी तीच शेवंती. रात्री लांबू लागल्या की हिला कळ्या धरतात, म्हणून दोन्हीकडे तिचा हंगाम साधारण एकच. हे सामान नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत चालतं. भुताखेतांची भर त्यावर ऑक्टोबरच्या मध्याला घालायची आणि १ तारखेला उतरवायची. सगळं एकदमच घेतलं तर महिनाभर तोच सापळा बघून पोस्टमनसुद्धा कंटाळतो.

भोपळा कोरायची घाई करू नये. कोरलेला भोपळा म्हणजे उघडी जखम. बुरशी तिसऱ्या-चौथ्या दिवशी हजर. थंड हवेत आठवडा निघतो, टेक्सास किंवा फ्लोरिडात तेवढाही नाही. म्हणून हॅलोवीनच्या दोन-तीन दिवस आधी बसावं. घेताना देठ बघावा. जाड, हिरवट, घट्ट देठाचा भोपळा ताजा, पण देठाला धरून तो कधी उचलू नये. अमेरिकेत कोरण्यासाठी नावाजलेलं वाण हाउडन. मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी जॉन हाउडन यांनी १९६०च्या दशकात दरवर्षी चांगली फळं निवडून त्यांचं बी राखत ते तयार केलं. गडद रंग, दणकट देठ, उभा घाट. चेहऱ्यासाठीच घडवलेलं फळ.

झाकण कापताना सुरी सरळ खाली न घालता आतल्या बाजूला तिरकी धरायची, नाहीतर झाकण सुकून आक्रसलं की धप्पकन आत पडतं. कित्येक जण हल्ली वर हातच लावत नाहीत, बूड कापतात आणि भोपळा दिव्यावर टोपीसारखा ठेवतात. देठ शाबूत राहतो, ओल खाली साचत नाही. मग हाताने रेषा आणि बिया ओढून काढायच्या; कोपरापर्यंत थंडगार, बुळबुळीत, कच्च्या काकडीचा वास. मुलं याच टप्प्याला 'ईऽऽ' करत पळतात आणि दोन मिनिटांनी परत येतात. खरं कसब पुढे आहे. जाड कडेच्या डावाने चेहऱ्याच्या बाजूची भिंत आतून खरवडत राहायची, ती बोटाच्या दोन पेरांवरून एका पेरावर येईपर्यंत. भिंत पातळ झाली की उजेड कापलेल्या जागेतूनच नव्हे, गरातूनही झिरपतो आणि सगळा चेहरा आतून पेटल्यासारखा दिसतो. डोळे-तोंड लहान आकाराच्या करवतीच्या पात्याने, मधून बाहेर कापत न्यायचे. शेवटी मागच्या बाजूला वर एक भोक, धूर आणि उष्णता बाहेर जायला. कापलेल्या कडांना व्हॅसलिन चोळलं तर त्या लवकर सुकत नाहीत.

निघालेल्या गराचे घारगे करायचा मोह मराठी माणसाला होणारच. करून बघा, फसतील. कोरायच्या भोपळ्याचा गर पाणचट आणि रेषाळ, गोडवा बेताचा. खायचे भोपळे वेगळ्या जातीचे. अमेरिकेत डब्यात मिळणारा भोपळ्याचा गर बहुतांशी ज्या वाणाचा असतो ते दिसायला फिकट, ओबडधोबड आणि आपल्या लाल भोपळ्याच्या जवळच्या नात्यातलं आहे. आपला लाल भोपळा नेमका याच कारणाने कोरायला वाईट: भिंत जाड, गर घट्ट, बसका आकार. मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांतही आता हॅलोवीन होऊ लागला आहे. तिथे भोपळा कोरण्यापेक्षा अख्ख्या भोपळ्यावर काळ्या रंगाने चेहरा काढावा आणि दुसऱ्या दिवशी साल काढून भाजी करावी. ऑक्टोबर हीटमध्ये कोरलेला भोपळा दोन दिवसांत दारात बसतो. अमेरिकी भोपळ्याच्या बियांना मात्र कुठेच तोड नाही. धुऊन, कोरड्या करून, मीठ-तिखट लावून भाजायच्या.

यानंतरची सगळी करामत उजेडाची आहे आणि बहुतेक घरं इथेच माती खातात. माणसं सामान आणतात पंधरा प्रकारचं आणि त्यावर भगभगीत फ्लडलाइट सोडतात. मग प्लास्टिक प्लास्टिकच दिसतं, शिवणीसकट. आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय आहे, कारण सूर्य वर असतो. दिवा जमिनीवर ठेवून वर रोखला की सावल्या उलट्या पडतात. हनुवटी उजळते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि ओळखीचा चेहराही परका वाटतो. दिवा वस्तूच्या जितका जवळ, तितकी भिंतीवरची सावली मोठी. काळ्या कार्डपेपरची चार वटवाघळं, एक साधा दिवा आणि कोरी भिंत मिळाली तर दुकानातल्या महागड्या यंत्राची गरज उरत नाही.

रंगाचंही गणित आहे. अंधारात डोळ्यांतल्या वेगळ्या पेशी कामाला लागतात आणि त्यांना तांबडा रंग जवळजवळ दिसत नाही, निळसर-हिरवा मात्र उठून दिसतो. चेक शास्त्रज्ञ यान पुरकिन्ये यांनी १९व्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवलं होतं. म्हणून अंगणाच्या मागच्या भागात मंद निळा दिवा ठेवावा, तो चांदण्यासारखा पसरतो. आणि ज्या एका वस्तूकडे नजर जावी असं वाटतं तिच्यात नारिंगी. लाल दिव्यांच्या माळा रक्ताळलेल्या दिसतील म्हणून आणाव्यात आणि दहा पावलांवरून त्या नुसत्या काळपट दिसाव्यात, हा अनुभव पुष्कळांचा.

भूत हवेत तरंगताना दाखवायचं तर जुनी नाटकी युक्ती अजून अजोड आहे. १८६२च्या नाताळच्या आदल्या दिवशी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी डिकन्सच्या एका कथेच्या प्रयोगात ती वापरली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनिअरची. रंगमंचावर तिरकी काच, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात नट. नटावर उजेड पडला की त्याचं प्रतिबिंब काचेत उमटतं आणि प्रेक्षकांना पारदर्शक भूत दिसतं. उजेड काढला की भूत गायब. रात्रीच्या एसटीत आतला दिवा लागला की खिडकीत आपलंच तोंड झाडांवरून पळताना दिसतं, तेच हे. डिस्नेलँडच्या १९६९साली सुरू झालेल्या भुताच्या वाड्यात नाचणारी जोडपी याच तत्त्वावर नाचतात. घरी करायचं तर अंधाऱ्या खोलीच्या खिडकीमागे पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा पत्रा ४५ अंशांत उभा करावा आणि बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही असा, टॅब्लेट ठेवावा. त्यावर काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी आकृती चालवली की झालं.

धुक्याचा सोस असेल तर दोन गोष्टी माहीत हव्यात. धूर सोडणाऱ्या यंत्रात पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण तापतं, त्यामुळे धूर गरम निघतो आणि वर जातो. थडग्यांमधून सरपटावा असं वाटत असेल तर तो बर्फ भरलेल्या पेटीतून जाऊ द्यावा. गार झाला की खाली बसतो. ड्राय आइसचं धुकं जात्याच जमिनीलगत राहतं, पण तो उणे ७८.५ अंशांचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड आहे. उघड्या हाताला भाजल्यासारखी जखम करतो, आणि बंद खोलीत हाच वायू खाली साचतो, नेमका रांगतं मूल आणि मांजर असतात त्या उंचीवर. घराच्या आत तो नकोच.

दुकानातल्या सापळ्यांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. कोळ्याचा सापळा मिळतो, बरगड्यांसकट! कोळ्याला आत हाडच नसतं. त्याचं कवच बाहेरून असतं. मांजराच्या सापळ्याला हाडांचे टोकदार कान असतात, कुत्र्यालाही. कान कूर्चेचे, ते सापळ्यात उरत नाहीत. पण बिनकानांचं मांजर गिऱ्हाइकाला मांजर वाटत नाही आणि दुकानदाराला शरीरशास्त्राशी काय देणंघेणं? गंमत म्हणून मुलांना घेऊन दुकानातल्या चुका शोधाव्यात. शाळेतल्या तासापेक्षा जास्त शिकतील.

आकाराची हाव मात्र २०२०पासून सुटली आहे. त्या वर्षी होम डेपोने १२ फुटी सापळा बाजारात आणला, किंमत २९९ डॉलर. महासाथीमुळे पाहुण्यांना घरात घेता येत नव्हतं, माणसांनी सगळी हौस अंगणात ओतली आणि सापळे हातोहात संपले. नॅशनल रिटेल फेडरेशनच्या अंदाजानुसार २०२३मध्ये अमेरिकेतला हॅलोवीनचा एकूण खर्च १२२० कोटी डॉलरवर गेला, त्यातले ३९० कोटी नुसत्या सजावटीचे. १२ फुटी सापळ्याचा प्रश्न १ नोव्हेंबरला उभा राहतो: ठेवायचा कुठे? गॅरेजात मावत नाही. म्हणून कित्येक जण त्यालाच सांताक्लॉजची टोपी घालून मोकळे होतात. पंख्याने हवा भरणारी फुगीर भुतं त्याहून केविलवाणी. रात्री छान डुलतात. दिवसा पंखा बंद, आणि हिरवळीवर नायलॉनची लक्तरं पसरलेली. ज्या घरापुढे ती पडलेली असतात तिथे दिवसा फक्त पसारा दिसतो.

सजावट कुणासाठी आहे हे सगळ्यांत नेमकं सांगणारा भोपळा निळसर-हिरवा असतो. अन्नाच्या अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या 'फेअर' या अमेरिकी संस्थेने २०१४पासून या रंगाचा प्रघात देशभर पाडला. पायरीवर असा भोपळा दिसला की समजायचं, या घरी खाऊखेरीज पेन्सिली, चिकटचित्रं, असलं काहीतरीही मिळेल. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला त्या दारातून हात हलवत परतावं लागत नाही. एका डबीभर रंगाचा खर्च, आणि १२ फुटी सापळ्याला जे सांगता येत नाही ते हा भोपळा सांगतो.

२०२४मध्ये तिथीने फार मजा केली. अमेरिकेत लक्ष्मीपूजनाची अमावास्या ३१ ऑक्टोबरच्याच संध्याकाळी आली. हॅलोवीनला खरीखुरी अवस! न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी घरांच्या पायऱ्यांवर रांगोळी, पणत्या आणि कोरलेला भोपळा अशी गर्दी झाली. आतून बाहेर अनारशांचं ताट, बाहेरून आत बॅटमॅन. त्याच तारखेला पहाटे गोव्यात नरकासुर जळले होते. बांबूचा सांगाडा, गवत, कागद आणि अक्राळविक्राळ मुखवटा. रात्रभर मिरवायचा आणि उजाडायच्या आत पेटवून द्यायचा. साठवायची कटकट नाही. भयाण वस्तूने आपलं काम झालं की निघून जावं, हे गोवेकरांना पक्कं ठाऊक आहे आणि माझं मत त्यांच्याच बाजूने आहे.

दिव्यांच्या रात्री एकत्र आल्या की आगीचाही विचार हवा. वाळका कडबा, क्रेप पेपर, मुलांचे लोंबते झगे आणि पायरीवरची उघडी ज्योत ही जोडी वाईट. भोपळ्यात बॅटरीचा दिवा ठेवावा. हल्ली तो मेणबत्तीइतकाच बरा लुकलुकतो. पायऱ्यांवर तारा आणि धूर दोन्ही नकोत, कारण मुखवट्याच्या भोकातून मुलाला पायरी धड दिसत नसते. पॉलिएस्टरची कोळिष्टकं झुडपांवर पसरू नयेत. त्यात पक्षी, मधमाश्या अडकतात आणि सुटत नाहीत. ती दाराच्या चौकटीतच शोभतात.

भोपळा मऊ पडला की त्यातलं मेण आणि दिवा काढून तो कंपोस्टमध्ये टाकावा. अनेक ठिकाणी आसपासचे शेतकरी डुकरांसाठी, शेळ्यांसाठी भोपळे घेतात, पण रंगवलेले किंवा टिकावेत म्हणून ब्लीचमध्ये बुडवलेले नाही. बी राहिलेला भोपळा परसात पुरला तर जूनमध्ये वेल उगवतो. फळ कसलं धरेल याचा मात्र नेम नाही, कारण भोपळ्यांचा परागसंकर फार सहज होतो आणि पुढच्या पिढीचा आकार आईसारखा निघेलच असं नसतं.